जमिनीतून ताकद येते म्हणजे नक्की कुठून येते?

आडवा_फटका (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. गोल्फ खेळायला लागून सात वर्षं झाली. तब्येतीने धडधाकट आहे, नियमित वजनं उचलतो, तरी ड्रायव्हर (सगळ्यात लांब पल्ल्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) मारला की चेंडू जेमतेम १९० यार्डांवर जाऊन बसतो. परवा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शेजारच्या मॅटवर एक काडीपैलवान पोरगा होता. त्याचा दंड माझ्या मनगटाएवढा. त्याचे चेंडू माझ्या चेंडूंच्या डोक्यावरून साठेक यार्ड पुढे चालले होते, आणि तेही जांभई दिल्यासारखं मारून.

माझे प्रो, म्हणजे प्रशिक्षक, एकच मंत्र देतात : "जमिनीतून ताकद घे." कशी घेऊ विचारलं, तर म्हणाले पाय रोव. रोवले. फरक शून्य. उलट मांड्या भरून आल्या.

जमीन काय ताकद वाटत बसली आहे का? अंगातली कुठली बलं कुठे आणि कधी लागतात, त्यांचा क्लबहेडच्या (क्लबच्या डोक्याच्या) वेगाशी संबंध काय, हे कुणी सोपं करून सांगेल का? शंका प्रामाणिक आहे, काडी टाकायला आलेलो नाही.

बंकरवासी

काडी नाही म्हणता म्हणता पडलीच आहे. पहिल्या रांगेत सतरंजी टाकून बसलो.

नुसते_हात

धागाकर्त्याशी सहमत. "जमिनीची ताकद" ही गेल्या काही वर्षांतली फॅशन आहे. क्लब कुणी धरलाय? हातांनी. मी गुडघे टेकून ड्रायव्हर मारलेला आहे आणि चेंडू माझ्या नेहमीच्या अंतराच्या बऱ्यापैकी जवळ गेला. तिथे कुठले पाय आणि कुठली जमीन? हात वेगात आणा, बाकी शरीर आपोआप मागे येतं.

टेकू

शिकवण्याचा पेशा असल्यामुळे पाल्हाळ लागेल, आधीच माफी मागतो.

आधी जमाखर्च मांडू. ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या खेळाडूंच्या क्लबहेडचा वेग सरासरी ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला ५१ मीटर. शाळेतलं अर्धा एमव्ही वर्ग काढलं की उत्तर येतं २६० ज्यूल. ही ऊर्जा डाउनस्विंगच्या (क्लब वरून चेंडूकडे खाली येतो त्या) जेमतेम पाव सेकंदात भरायची. म्हणजे नुसत्या त्या डोक्यासाठी सरासरी एक किलोवॉट, सव्वा ते दीड अश्वशक्ती. दांडी आणि तुमचे स्वतःचे हातही वेगात न्यायचे असतात, आणि हात तर क्लबपेक्षा कितीतरी जड. तो खर्च वेगळा. दंड आणि मनगटांच्या स्नायूंना हे झेपणारं नाही. मांड्या, नितंब, पाठ यांसारखे मोठे स्नायू कामाला लावल्याशिवाय हिशेब जुळत नाही. तुम्ही दंडावर मेहनत घेतलीत, पोरगा बहुधा मांड्यांवर खेळतोय.

आता जमीन. फिरत्या खुर्चीवर पाय वर उचलून बसा आणि हातात काठी घेऊन जोरात डावीकडे फिरवा. खुर्ची उजवीकडे फिरेल. अंगातल्या अंगात स्नायूंनी कितीही ओढाताण केली तरी शरीर आणि क्लब मिळून एकूण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोम, बदलत नाही. तो बदलायला बाहेरचं बल लागतं, आणि गोल्फमध्ये बाहेरचं म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि तळपायांखालची जमीन. पायांनी जमिनीला ढकललं की जमीन तेवढ्याच बलाने उलट ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, इतकंच.

पण तुमचा मूळ प्रश्न मला फार आवडला, कारण काटेकोर उत्तर असं आहे की जमीन ताकद देत नाही. तळपाय जागचा हलत नाही तोवर जमिनीचं बल शून्य काम करतं. बल गुणिले विस्थापन, आणि विस्थापन शून्य. उभ्या जागी उडी मारता तेव्हा जमीन तुम्हाला वर ढकलते, पण ऊर्जा खर्च होते ती तुमच्या मांड्यांची. जमीन नुसता टेकू आहे. (नाव उगाच घेतलेलं नाही.)

नुसते_हात

म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं की. ऊर्जा जमिनीतून येत नाही. मग हा शब्दांचा खेळ कशाला? आणि माझ्या गुडघ्यांचं काय?

टेकू

गुडघे टेकले तरी ते जमिनीवरच टेकले ना? घर्षण मिळालं, टेकू मिळाला. कंबर, पाठ, पोट, खांदे सगळे शाबूत होते. फक्त गुडघा आणि घोट्याचं उलगडणं गेलं, म्हणून अंतर थोडं घटलं. हाच फटका त्या फिरत्या खुर्चीवर बसून मारा आणि मग सांगा.

शब्दांचा खेळ मात्र नाही. जमीन ताकद देत असती तर जितकं जास्त दाबाल तितकं जास्त मिळालं असतं. हल्ली दाब मोजणाऱ्या पाट्यांवर उभं राहून आकडा वाढवायच्या मागे लागलेले लोक पाहिलेत? गुडघा ताठ करून धाडकन पाय आपटला की पाटीवर झकास आकडा येतो, क्लबहेडला त्याचा पत्ताही लागत नाही. कारण सांधा उलगडला नाही, तर स्नायूने काम केलं नाही. आडवा_फटका, तुम्ही पाय "रोवलेत" म्हणजे नेमकं हेच केलंत. पाय रोवायचे नसतात, वाकलेले उलगडायचे असतात.

मागची_टाच

टेकूंनी गणित केलं, मी मातीवरचं सांगते. (भौतिकशास्त्रात बारावीला काठावर पास, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.)

मला शिकवणाऱ्या बाईंनी जमिनीचं बल तीन तुकड्यांत समजावलं होतं. पहिला आडवा : बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणं) संपत आला की अंग लक्ष्याच्या दिशेने सरकवायला मागच्या पायाने बाजूला रेटा. दुसरा पीळ : पुढचा पाय जमिनीला बोटांच्या दिशेने घासायला बघतो, मागचा टाचेच्या दिशेने. दोन्ही पाय एकमेकांच्या उलट रेटतात आणि कंबर गरकन फिरते. नळाची तोटी दोन बोटांनी फिरवतो तसं. तिसरा उभा : पुढच्या पायाने जमिनीला खाली ढकलून वर उठणं. क्रमही साधारण हाच. आडवा, पीळ, उभा. एकात एक मिसळलेले असतात, पण उभा सगळ्यात शेवटी भरात येतो.

हे कळल्यावर टीव्हीवरचे खेळाडू वेगळे दिसायला लागले. स्कॉटी शेफ्लरचा मागचा पाय फटक्यात घसरत जातो, लोक हसतात. जस्टिन थॉमस आणि लेक्सी थॉम्पसन ड्रायव्हर मारताना चेंडूपाशी जवळजवळ चवड्यांवर उडालेले असतात. जुन्या काळातला सॅम स्नीड डाउनस्विंगच्या सुरुवातीला घोड्यावर बसल्यासारखा खाली बसायचा. तऱ्हा निरनिराळ्या, पण खाली बसून वर उठणं कुठे ना कुठे आहेच.

आणि "वजन पुढे टाका" या वाक्यानेही मला दोन वर्षं फसवलं. वजन वेगळं आणि दाब वेगळा. घरातल्या वजनकाट्यावर उभ्या राहून झटकन गुडघे वाकवा, आकडा खाली येतो. झटकन उठा, वर जातो. तुमचं वजन तेवढंच असतं. चांगल्या खेळाडूचा दाब बॅकस्विंग पूर्ण व्हायच्या आधीच पुढच्या पायाकडे परतायला लागलेला असतो, धड मात्र त्या मानाने फारसं सरकत नाही. मी अख्खं धडच पुढे लोटत होते. त्यातून काय निघतं ते अनुभवी लोकांना माहीत आहे : चेंडूच्या डोक्यावर टप्पू, नाहीतर भला मोठा स्लाइस (अंगापासून दूर वळत जाणारा फटका).

उलट_हात

पुढचा-मागचा म्हटल्याबद्दल ताईंचे आभार. डावा-उजवा वाचून प्रत्येक वेळी मनात आरसा धरावा लागतो आम्हा डावखुऱ्यांना.

बंकरवासी

हे सगळं करण्यापेक्षा लांब दांडीचा क्लब घेतो. त्रिज्या वाढली, वेग वाढला. न्यूटनला सलाम.

टेकू

नियमाने ड्रायव्हर ४८ इंचांपर्यंतच, आणि २०२२ पासून वरच्या स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा लावायची मुभा आहे. शिवाय दांडी लांब झाली की ती फिरवायलाही जड, आणि तुमचे फटके सध्याच कुठे जातात ते धाग्यावर जाहीर करू का?

बंकरवासी

नको.

अर्धवट_अभियंता

टेकूंच्या माहितीत एक कडी राहिली असं वाटतं. पाय आणि कंबर फिरली, मान्य. पण कंबर काही फार वेगात फिरत नाही. मग क्लबहेडला ५१ मीटरचा वेग मिळतो कुठे?

टेकू

बरोबर पकडलंत. याचं उत्तर गोफणीत आहे.

१९६८ साली अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी ब्रिटनमधल्या संशोधनावरून स्विंगचं एक सोपं प्रारूप मांडलं : दुहेरी लंबक. खांद्याच्या खुंटीला हात टांगलेला, आणि हाताच्या टोकाला, मनगटाच्या बिजागरीवर क्लब टांगलेला. बिजागरी मोकळी. हात फिरू लागले की क्लब आधी मागे रेंगाळतो आणि मग गोफणीतल्या दगडासारखा स्वतःहून बाहेर फेकला जातो. तो बाहेर जाताना हातांना मागे खेचतो, हात मंदावतात, आणि हातांची गती क्लबमध्ये उतरते. मोठा जड भाग आधी, मग लहान, मग त्याहून लहान : कंबर, छाती, हात, क्लब. प्रत्येकाने आपला वेग गाठायचा आणि थबकत पुढच्याला द्यायचा. चाबकाची मूठ थांबल्याशिवाय टोक कडाडत नाही.

म्हणून नुसते_हात यांना प्रेमाचा सल्ला : मनगटांनी जोर लावून क्लब "मारायचा" प्रयत्न केला की बिजागरी वेळेआधी उघडते. यालाच रेंजवर कास्टिंग म्हणतात. क्लबहेडला सगळा वेग वाटेतच येतो, आणि चेंडूपाशी पोचेपर्यंत दिवाळं निघालेलं असतं. शेवटच्या टप्प्यात तर क्लब इतका वेगात असतो की मनगटांना त्याच्या बरोबरीने पळताच येत नाही, मग ढकलणार कुठून?

आता उभ्या बलाचं काम बघा. मला सगळ्यात मोहक वाटतं ते हे. झोपाळ्यावर उभं राहून झोका चढवता तेव्हा काय करता? तळाशी येताना उठता, टोकाला बसता. तळाशी ओढ सर्वात जास्त असते, त्या ओढीविरुद्ध शरीर वर नेलंत की केलेलं काम झोक्याच्या वेगात जमा होतं. स्विंगमध्येही तेच. क्लबहेड खाली येत असतानाच पुढचा पाय उलगडतो, पुढचा खांदा वर आणि मागे जातो, आणि ग्रिप (क्लबची मूठ) किंचित वर, अंगाकडे खेचली जाते. जपानचे संशोधक मिउरा यांनी २००१ मध्ये याचं गणित मांडलं होतं. ढोबळ आकडा आपणच काढू : चेंडूपाशी क्लब हातांना साधारण ४०० न्यूटनने बाहेर ओढत असतो, म्हणजे ४० किलोंची गोणी लोंबकळल्यासारखं. त्याविरुद्ध ग्रिप ५ सेंटिमीटर जरी आत घेतली तरी २० ज्यूल काम झालं. २६० मधले २०! वेगात ते चारेक टक्के पडतात, म्हणजे ताशी सातएक किलोमीटर. उगाच नाही ती लेक्सी उडत.

याच उभ्या रेट्याचा दुसरा फायदा : तो पुढच्या पायाखालून येतो, आणि गुरुत्वमध्य त्या पायाच्या मागे राहिलेला असतो. त्यामुळे रेटा नुसता वर उचलत नाही, अंगाला क्लबच्याच दिशेने कलंडवतो. पुढचा खांदा वर, मागचा खाली. धड पुढच्या पायाच्याही पुढे लोटलंत, की तोच रेटा उलटा फिरवायला लागतो. ताईंच्या टप्पूचं कारण बहुधा हेच.

नुसते_हात

गोफण मान्य. मनगट सैल सोडून रेंजवर पन्नास चेंडू मारून बघतो. पण चेंडूला लागताना अंगाचं वजन मागे असावं लागतं, एवढं तरी मानता की नाही?

टेकू

नाही मानत, क्षमस्व. चेंडू आणि क्लबचा संपर्क जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. ४५.९३ ग्रॅमचा चेंडू (नियमातली कमाल) तेवढ्यात सेकंदाला ७५ मीटरवर जातो. त्या काळात त्याच्यावरचं सरासरी बल सातशे किलोंच्या वजनाएवढं भरतं. तुमच्या हातांपर्यंत ही खबर दांडीतून पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. त्या क्षणी क्लबहेड जवळपास सुटं असल्यासारखंच वागतं. कॉक्रन-स्टॉब्सच्या प्रयोगात दांडीच्या तळाशी मोकळी बिजागरी बसवलेला क्लबही वापरला होता, आणि चेंडू फार काही मागे पडला नव्हता. म्हणजे अंगाने जे करायचं ते सगळं आधीच करून संपवायचं.

अर्धवट_अभियंता

आणि गुरुत्वाकर्षण? आमच्याकडे एक जण "क्लब नुसता पडू दे" म्हणून पिच्छा पुरवतो.

टेकू

दोन मीटरवरून डोकं नुसतं पडलं तर ६.३ मीटर वेग मिळेल. ऐकायला बरा वाटतो, पण ऊर्जा वर्गाने वाढते. ५१ चा वर्ग २६०१, त्यातून ३९ वजा केले तर उरलेला वेग ५०.६. म्हणजे क्लबहेडपुरतं बोलायचं तर दमडीची मदत. घट्ट खांदे सोडवायला "पडू दे" हे वाक्य चांगलं आहे, एवढंच.

पाठदुखी_विभाग

पेशाने फिजिओथेरपिस्ट. वरच्या उत्साहात थोडं पाणी ओततो.

गोल्फ शिकवणारे जिम मॅक्लीन यांनी १९९२ मध्ये एक्स-फॅक्टर हा शब्द रूढ केला : टॉपला (बॅकस्विंगच्या शेवटी) खांदे किती वळले आणि कंबर किती, यातला फरक. पुस्तकी आकडा म्हणजे खांदे ९० अंश, कंबर ४५. कंबर पुढे निघाली असताना खांदे अजून मागेच जात असतात, तेव्हा धडाचे स्नायू ताणले जातात, आणि आधी ताणलेला स्नायू लगेच आखडला तर जास्त जोर काढतो. हे खरं. पण लोक हा फरक वाढवायला कंबर खिळ्याने ठोकल्यासारखी धरून ठेवतात आणि खांदे ओढून नेतात. तो पीळ कण्याचा खालचा भाग सोसतो, आणि त्या मणक्यांची रचना फिरण्यासाठी नाही. फिरायला खुब्याचा सांधा आणि पाठीचा वरचा भाग आहे. चाळिशी उलटलेल्यांनी सरळ पुढची टाच बॅकस्विंगमध्ये उचलू द्यावी. जुन्या पिढीतला दिग्गज जॅक निकलॉस उचलायचा, त्याचं काही अडलं नाही. कंबर जास्त वळते, पाठ सुटते, आणि टाच परत टेकवताना आडवा रेटा आपसूक मिळतो.

दुसरं, पुढच्या पायाची बोटं लक्ष्याकडे थोडी उघडी ठेवा. पाऊल सरळ ठेवून त्यावर पूर्ण पीळ घेतला तर तो गुडघ्यात जाऊन मुरतो. आणि व्यायाम करायचाच तर दंड सोडा, उड्या मारा. पाव सेकंदात जोर काढायचा आहे, सावकाश दीडशे किलो उचलण्याची सवय इथे फारशी कामाला येत नाही.

आडवा_फटका

बाप रे. प्रोंना सात वर्षांत जे विचारता आलं नाही ते दोन दिवसांत मिळालं. वाचनखूण साठवली आहे. आता एकच सांगा, सुरुवात कुठून करू? सगळं एकदम डोक्यात ठेवलं तर चेंडूच लागायचा नाही.

मागची_टाच

चेंडू बाजूला ठेवा. क्लब उलटा धरा, डोक्याकडून, आणि ग्रिप हवेत फिरवा. "सूंऽ" आवाज कुठे येतो ते ऐका. कास्टिंगवाल्यांचा आवाज मागच्या पायाच्या अलीकडेच येऊन जातो. तो चेंडूच्या जागेच्या पुढे न्यायचा. दहा-बारा वेळा.

मग पावलाचा सराव. दोन्ही पाय जुळवून उभे राहा, बॅकस्विंग घ्या, आणि क्लब अजून वर जात असतानाच पुढचा पाय लक्ष्याकडे टाका. क्लब मागे, पाय पुढे. सुरुवातीला नाच बिघडल्यासारखं वाटतं. पाय टेकला की त्यावर उठा. फार जोर नको, सात नंबरच्या आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या क्लबने) करा.

आडवा_फटका

अकरा दिवसांनी येतोय. पहिले चार दिवस अब्रू गेली, अर्धे चेंडू टी (चेंडू ठेवायची खुंटी) वरून घरंगळले. पाचव्या दिवशी आवाज मधोमध आला. काल पुढे गेला, दर चारातून एकदा. त्या एका फटक्यात चेंडू २१० च्या पाटीला लागला आणि मला काही केल्यासारखंच वाटलं नाही. बाकी तीन मात्र भयानक हुक (अंगाच्या बाजूला वळत गेलेले).

एक विचित्र गोष्ट : मोबाईलवर चित्रण केलं तर मी वर उठतोय तो अगदी चेंडूला लागताना. चांगले खेळाडूही तेव्हाच उठलेले दिसतात ना?

टेकू

दिसतात, पण ते उठणं हा परिणाम. रेटा त्याच्या कितीतरी आधी लावलेला असतो. उडी मारतानाही पाय जमीन सोडतात तेव्हा ढकलणं केव्हाच संपलेलं असतं. त्यांचा उभा रेटा पुढचा हात जमिनीला समांतर येतो त्या सुमारास भरात असतो, चेंडूपाशी तो ओसरलेला असतो. तुम्हाला "फारच लवकर उठलो" असं वाटेल तिथे उठून बघा. हुकचं कारण मला तरी ग्रिपमध्ये, म्हणजे पकडीत, दिसतंय, फोटो टाका.

नुसते_हात

माझेही हुकच जातायत. सैल मनगटं फळली म्हणायची. मीही फोटो टाकतो.

बंकरवासी

मी फिरत्या खुर्चीचा प्रयोग केला. खुर्ची खरंच उलटी फिरते. दिवा फुटला.